अनुपस्थितांची नोंद : ऑनलाइन अध्यापन व वर्गाध्यापन यांच्या तुलनात्मक अभ्यासांची चिकित्सा (विशेष संदर्भ : वाशिम जिल्हा)

सारांश

कोविड-१९ च्या काळानंतर ऑनलाइन अध्यापन आणि पारंपरिक वर्गाध्यापन यांची तुलना करणारे असंख्य लेख महाविद्यालयीन नियतकालिकांतून प्रसिद्ध झाले. त्यांपैकी बहुसंख्य लेख ऑनलाइन प्रश्नावलीवर आधारलेले आहेत. प्रस्तुत लेखात या प्रकारच्या अभ्यासांच्या पद्धतीची चिकित्सा केली आहे. जो विद्यार्थी ऑनलाइन वर्गात येऊ शकला नाही तोच प्रश्नावलीतूनही वगळला जातो आणि त्यामुळे निष्कर्ष आधीच एका बाजूला झुकलेले असतात, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे. वाशिम जिल्ह्यातील परिस्थितीच्या आधारे हे प्रतिपादन तपासून तुलनेसाठी काही किमान पथ्ये सुचविली आहेत.

बीजसंज्ञा : ऑनलाइन अध्यापन, वर्गाध्यापन, उच्च शिक्षण, ग्रामीण विद्यार्थी, संशोधनपद्धती, वाशिम जिल्हा.

१. प्रास्ताविक

२५ मार्च २०२० रोजी देशभर टाळेबंदी लागू झाली आणि महाविद्यालयांतील अध्यापन एकाएकी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आले. महाराष्ट्रातील महाविद्यालये १५ फेब्रुवारी २०२१ पासून निम्म्या उपस्थितीने सुरू करण्याचा निर्णय झाला. परंतु काही दिवसांतच अमरावती विभागात दुसऱ्या लाटेचे निर्बंध आले. पुढे २० ऑक्टोबर २०२१ पासून वर्ग पुन्हा भरू लागले आणि जानेवारी २०२२ मध्ये तिसऱ्या लाटेमुळे काही काळ ते परत बंद ठेवावे लागले. म्हणजे २०२० मध्ये बारावी उत्तीर्ण होऊन पदवीला आलेल्या विद्यार्थ्याची पहिली जवळजवळ दोन वर्षे या उघडझापेत गेली.

या अनुभवाचा अभ्यास व्हावा हे स्वाभाविकच होते. त्यानुसार चर्चासत्रांच्या विशेषांकांतून आणि बहुविद्याशाखीय नियतकालिकांतून 'ऑनलाइन शिक्षण : संधी आणि आव्हाने' या आशयाचे लेख मोठ्या संख्येने आले. त्यांची मांडणी साधारणपणे एकसारखी असते. प्रथम ऑनलाइन शिक्षणाचे फायदे, मग तोटे, त्यानंतर एक लहान सर्वेक्षण आणि शेवटी 'दोन्ही पद्धतींचा समन्वय साधला पाहिजे' असा निष्कर्ष. या निष्कर्षाशी कोणाचे भांडण होण्याचे कारण नाही, कारण त्यातून काहीच ठरत नाही. मात्र त्याआधी येणाऱ्या सर्वेक्षणातील टक्केवारी निरुपद्रवी नसते. ती पुढे अहवालांत, प्रस्तावांत आणि धोरणविषयक चर्चेत पुरावा म्हणून वावरू लागते. म्हणून हा पुरावा कसा तयार झाला हे तपासणे आवश्यक ठरते.

येथे एक बाब स्पष्ट केली पाहिजे. प्रस्तुत लेख ऑनलाइन अध्यापनाच्या विरोधात नाही आणि वर्गाध्यापनाचे गुणगान करण्यासाठीही नाही. दोहोंची तुलना कशी केली जाते आणि त्या तुलनेतून कोण वगळले जाते, एवढाच त्याचा विषय आहे.

२. प्रश्नावली कोणापर्यंत पोहोचली?

या अभ्यासांतील प्रचलित पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. प्राध्यापक गूगल फॉर्मवर दहा-पंधरा प्रश्नांची प्रश्नावली तयार करतात. तिचा दुवा वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला जातो. जे प्रतिसाद येतात त्यांची आपोआप तयार होणारी वर्तुळाकार आलेखचित्रे लेखात घेतली जातात. खर्च नाही, प्रवास नाही, परवानगीची यातायात नाही. टाळेबंदीच्या काळात दुसरा मार्गही फारसा उपलब्ध नव्हता, हे मान्य केले पाहिजे.

तथापि या पद्धतीत एक मूलभूत दोष आहे. ज्या विद्यार्थ्याकडे स्मार्टफोन नव्हता, ज्याच्या गावात रेंज नव्हती किंवा ज्याचा नेटपॅक संपला होता, तो ऑनलाइन तासिकेला अनुपस्थित होता. नेमक्या त्याच कारणांमुळे तो प्रश्नावलीलाही अनुपस्थित राहिला. ज्या माध्यमाची परीक्षा घ्यायची त्याच माध्यमातून उत्तरे मागविल्यामुळे, त्या माध्यमाने वगळलेल्या व्यक्तीला उत्तर देण्याची संधीच उरत नाही. नदीच्या पैलतीरावर पोहोचलेल्यांनाच नाव सुरक्षित आहे काय असे विचारावे, तसे हे होते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखाद्या महाविद्यालयात बी.ए. प्रथम वर्षाला १२० विद्यार्थ्यांनी प्रवेश घेतला आहे. प्रश्नावली ४५ जणांनी भरली आणि त्यांपैकी ३६ जणांनी 'ऑनलाइन अध्यापन समाधानकारक वाटले' असे उत्तर दिले. लेखात लिहिले जाते, '८० टक्के विद्यार्थी समाधानी आहेत.' प्रवेशित विद्यार्थ्यांच्या संख्येने भागल्यास हेच प्रमाण ३० टक्के येते. उरलेल्या ७५ विद्यार्थ्यांचे मत काय होते हे कोणालाच ठाऊक नाही. ते सर्व असमाधानी होते असेही म्हणता येणार नाही. परंतु ज्यांच्याविषयी काहीच माहीत नाही त्यांना हिशेबातून गाळून काढलेला आकडा 'विद्यार्थ्यांचे मत' म्हणून मांडता येत नाही.

या संदर्भात आपल्या जुन्या हजेरीपटाचे स्मरण होते. हजेरीपटात प्रवेशित प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावाची एक ओळ असते. विद्यार्थी आला नाही तरी त्याची ओळ नाहीशी होत नाही; तिच्यात 'गैरहजर' अशी खूण पडते. महिन्याच्या शेवटी कोणाच्या ओळीत किती खुणा आहेत हे दिसते, प्राध्यापक चौकशी करतात, कधी गावातील सोबत्याजवळ निरोप धाडतात. वर्ग ही व्यवस्था अनुपस्थितीचीही नोंद ठेवते. प्रश्नावलीच्या तक्त्यात मात्र केवळ आलेल्या उत्तरांच्या ओळी असतात. न आलेल्यासाठी तेथे रिकामी ओळदेखील नसते.

३. आवड आणि आकलन

दुसरा दोष मापनाचा आहे. या प्रश्नावल्यांतील बहुतेक प्रश्न अभिप्रायवजा असतात : ऑनलाइन तासिका आवडल्या काय? शिक्षकांचे बोलणे स्पष्ट ऐकू आले काय? आपणास कोणती पद्धत अधिक सोयीची वाटते? या उत्तरांतून विद्यार्थ्याची पसंती समजते, त्याचे शिकणे समजत नाही. प्रवासाचा त्रास वाचला म्हणून एखाद्याला ऑनलाइन तासिका आवडू शकते आणि तरीही त्याला त्या विषयातले फारसे काही समजलेले नसू शकते. याउलट, कठोर प्राध्यापकाची तासिका न आवडूनही तीतून पुष्कळ शिकायला मिळते, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी विद्यार्थिदशेत घेतला आहे.

मग परीक्षेतील गुण हा आधार घेता येईल काय? त्या काळापुरता तोही विश्वसनीय नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २९ एप्रिल २०२० रोजी दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत परिस्थिती सुरळीत नसल्यास मधल्या वर्षांच्या विद्यार्थ्यांचे मूल्यमापन अंतर्गत गुण आणि पूर्वीच्या सत्रातील कामगिरी यांच्या आधारे करण्याची मुभा होती. अंतिम वर्षाच्या परीक्षा घेण्याविषयी ६ जुलै २०२० च्या सुधारित सूचनांवरून वाद झाला. २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने परीक्षा घेण्याची भूमिका ग्राह्य धरली आणि महाराष्ट्रात त्यानंतरच्या आठवड्यांत या परीक्षा मुख्यतः ऑनलाइन आणि बहुपर्यायी स्वरूपात पार पडल्या. चार पर्यायांतून एक निवडण्याच्या परीक्षेत मिळालेले गुण आणि तीन तास बसून लिहिलेल्या वर्णनात्मक उत्तरपत्रिकेचे गुण शेजारी ठेवून अध्यापनपद्धतींची तुलना करणे म्हणजे एका वेळी शेर आणि दुसऱ्या वेळी मीटर वापरून कोणता माल अधिक हे ठरविण्यासारखे आहे.

तिसरी बाब संज्ञेची. मार्च २०२० मध्येच चार्ल्स हॉजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'आपत्कालीन दूरस्थ अध्यापन' आणि 'ऑनलाइन शिक्षण' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असे बजावले होते. पहिली गोष्ट संकटात उभी केलेली तात्पुरती सोय असते. दुसरीसाठी अभ्यासक्रमाची रचना, साहित्य, सराव आणि मूल्यमापन यांची अनेक महिने आधीपासून तयारी करावी लागते. हा भेद महाराष्ट्राला नवा नाही. १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने दूरशिक्षणासाठी स्वयंअध्ययनाची पुस्तके आणि अभ्यासकेंद्रे यांची व्यवस्था उभारली. विद्यार्थी दूर आहे हे गृहीत धरून ती रचना झाली होती. २०२० मध्ये जे घडले त्यात अशी रचना नव्हती. त्या वर्षातील अनुभवावरून ऑनलाइन शिक्षणाला सरसकट नापास करणे जितके अन्यायाचे, तितकेच त्यावरून त्याला उत्तीर्ण करणेही घाईचे ठरेल.

४. तुलनेची दुसरी बाजू : वर्ग

या अभ्यासांत ऑनलाइन अध्यापनाची तपासणी निदान होते तरी; वर्गाध्यापनाची मुळीच होत नाही. 'पारंपरिक वर्ग' म्हणून एक आदर्श चित्र गृहीत धरले जाते : भरलेला वर्ग, फळ्यावर लिहिणारा नियमित प्राध्यापक, प्रश्न विचारणारे विद्यार्थी, तासिकेनंतर ग्रंथालयात होणारे वाचन. असे वर्ग आहेतच. पण सर्वच वर्ग असे नसतात.

ग्रामीण महाविद्यालयांतील वस्तुस्थिती आपण जाणतो. अनेक विषयांची मंजूर पदे दीर्घकाळ रिक्त असून अध्यापनाचा मोठा भार घड्याळी तासिका तत्त्वावरील सहकाऱ्यांवर आहे. कित्येक तासिकांत टिपणे सांगणे आणि उतरवून घेणे हाच मुख्य व्यवहार असतो. प्रवेशित विद्यार्थ्यांची संख्या आणि प्रत्यक्ष उपस्थिती यांतील तफावत हा प्रत्येक प्राचार्यांच्या चिंतेचा विषय आहे. सोयाबीनच्या सोंगणीच्या दिवसांत, म्हणजे साधारण सप्टेंबर अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत, वाशिम जिल्ह्यातील वर्ग विरळ होतात, कारण घरच्या शेतात किंवा मजुरीवर हात लागतात. हजेरीपटातील ७५ टक्क्यांचा नियम आणि ही वास्तविकता यांचा मेळ घालताना होणारी ओढाताण वेगळी सांगावयास नको.

तेव्हा प्रश्न असा उभा राहतो की तुलना कोणाशी कोणाची करावयाची? उत्तम ऑनलाइन व्याख्यान आणि कंटाळवाणी टिपणवजा तासिका यांची तुलना केल्यास ऑनलाइन पद्धत जिंकेल. चांगला वर्ग आणि तुटक आवाजातील, एकतर्फी ऑनलाइन तासिका यांची तुलना केल्यास वर्ग जिंकेल. दोन्ही निकाल खरे आहेत आणि दोन्ही निरुपयोगी आहेत, कारण त्यांत माध्यमाचा परिणाम आणि अध्यापनाच्या दर्जाचा परिणाम वेगळा काढलेला नाही.

५. अन्यत्र झालेले प्रयोग

हा परिणाम वेगळा काढण्याचे प्रयत्न अमेरिकेत झाले आहेत. थॉमस रसेल यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात शेकडो तुलनात्मक अभ्यासांचा आढावा घेऊन माध्यम बदलल्याने निकालात लक्षणीय फरक पडत नाही अशी भूमिका मांडली होती. अमेरिकी शिक्षण विभागासाठी बार्बरा मीन्स आणि सहकाऱ्यांनी केलेल्या २००९ च्या (सुधारित आवृत्ती २०१०) संकलित विश्लेषणात ऑनलाइन आणि विशेषतः मिश्र पद्धतीच्या विद्यार्थ्यांची कामगिरी काहीशी सरस आढळली. मिश्र पद्धतीचा पुरस्कार करताना या अहवालाचा आधार घेतला जातो. तथापि मिश्र पद्धतीच्या विद्यार्थ्यांना बहुधा अधिक वेळ आणि अधिक साहित्य मिळाले होते आणि त्यामुळे हे श्रेय केवळ माध्यमाला देता येत नाही, ही त्याच अहवालातील सावधगिरीची सूचना सहसा सोबत दिली जात नाही.

यादृच्छिक वाटणी करून झालेले प्रयोग अधिक बोलके आहेत. डेव्हिड फिग्लिओ आणि सहकाऱ्यांनी एका मोठ्या विद्यापीठातील अर्थशास्त्राच्या प्रास्ताविक अभ्यासक्रमात काही विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष व्याख्याने आणि काहींना तीच व्याख्याने इंटरनेटवरून उपलब्ध करून दिली. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी फरक मोठा नव्हता, पण तो प्रत्यक्ष व्याख्यानाच्या बाजूने होता आणि पूर्वीची शैक्षणिक कामगिरी कमकुवत असलेल्या विद्यार्थ्यांसारख्या काही गटांत तो अधिक होता. शू आणि जॅगर्स यांनी वॉशिंग्टन राज्यातील सामुदायिक महाविद्यालयांच्या नोंदी तपासून २०१४ मध्ये हाच कल दाखविला : ऑनलाइन अभ्यासक्रमांत जवळजवळ सर्वांचीच कामगिरी काहीशी घसरते, पण आधीच मागे असलेल्यांची अधिक घसरते.

वेस्ट पॉइंट येथील लष्करी अकादमीत २०२० च्या शेवटच्या सत्रात झालेला प्रयोग आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. तेथे विद्यार्थ्यांची वर्गातील आणि ऑनलाइन तुकड्यांत यादृच्छिक वाटणी झाली आणि तेच प्राध्यापक दोन्ही प्रकारच्या तुकड्यांना शिकवीत होते. विद्यार्थी एकाच परिसरात राहणारे. साधने आणि जोडणी यांची अडचण नव्हती. तरीही ऑनलाइन तुकडीचे अंतिम गुण प्रमाण विचलनाच्या सुमारे ०.२१५ पटीने कमी आले आणि ही घट मुख्यतः शैक्षणिकदृष्ट्या कमकुवत विद्यार्थ्यांमुळे होती.

या प्रयोगांतून दोन गोष्टी घेता येतात. पहिली, केवळ टॅब आणि रेंज पुरविल्याने प्रश्न सुटत नाही. दुसरी, सरासरी हा आकडा फसवा आहे. जो विद्यार्थी स्वतःच्या बळावर अभ्यास करू शकतो त्याला माध्यम कोणतेही चालते. ज्याला आधार लागतो त्याला माध्यमाच्या बदलाची किंमत मोजावी लागते. परदेशातील निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू होतील असे नाही. परंतु आपल्या वर्गात कोणत्या प्रकारचे विद्यार्थी अधिक आहेत, हा प्रश्न ते आपल्यासमोर ठेवतात.

६. वाशिमचा विद्यार्थी आणि त्याचे दोन रस्ते

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा असे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे बारा लाख असून तीतील ऐंशी टक्क्यांहून अधिक ग्रामीण आहे. २०१८ मध्ये नीती आयोगाने आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली तेव्हा महाराष्ट्रातील नंदुरबार, गडचिरोली आणि तेव्हाचे उस्मानाबाद यांच्यासोबत वाशिमचाही तीत समावेश झाला. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेल्या प्राचीन वत्सगुल्माची ही भूमी आज विकासाच्या निर्देशांकांत मागे आहे, एवढा याचा अर्थ.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार (जुलै २०१७ ते जून २०१८) देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी केवळ १४.९ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती आणि ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. शहरी भागात हे प्रमाण अनुक्रमे ४२ आणि २३.४ टक्के होते. टाळेबंदी या पार्श्वभूमीवर आली. त्यानंतर स्मार्टफोनचा प्रसार पुष्कळ वाढला आहे, हे खरे. परंतु घरात फोन असणे आणि तो तासिकेच्या वेळी विद्यार्थ्याच्या हातात असणे या भिन्न बाबी आहेत. एकच फोन असेल तर तो दिवसा वडिलांसोबत शेतात किंवा मोंढ्यावर जातो. दोन भावंडे शिकत असतील तर त्याची वाटणी होते आणि त्या वाटणीत मुलीचा क्रमांक बहुधा नंतर लागतो.

मात्र वर्गापर्यंत पोहोचण्याचा रस्ताही तितकाच बिकट आहे, याचा विसर पडू नये. वाडी-तांड्यावरचा विद्यार्थी फाट्यापर्यंत पायी येतो आणि तेथून एस.टी. धरतो. महाविद्यालयाचे वेळापत्रक प्राचार्य ठरवितात असे म्हणण्याची रीत आहे. वस्तुतः ते पुष्कळदा आगाराचे वेळापत्रक ठरविते. दुपारची गाडी चुकली तर संध्याकाळपर्यंत थांबावे लागते, म्हणून शेवटच्या तासिकेला मुली उठून जातात.

या दोन रस्त्यांचे परस्परावलंबन २०२१ च्या अखेरीस ठळकपणे दिसले. २० ऑक्टोबरला महाविद्यालये उघडली आणि त्याच महिन्याच्या शेवटी एस.टी. कर्मचाऱ्यांचा विलीनीकरणासाठीचा संप सुरू झाला, जो एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. शासननिर्णयाने वर्ग उघडे होते. पण वर्गापर्यंत नेणारी गाडी बंद होती. त्या महिन्यांतील कमी उपस्थिती पाहून 'विद्यार्थ्यांना आता ऑनलाइनचीच सवय लागली आहे' असे मत सर्वत्र ऐकू येत असे. त्यात सवयीचा वाटा किती आणि संपाचा किती, हे गावनिहाय उपस्थिती तपासल्यावाचून सांगता येत नाही. त्याच सत्रातील आकडे घेऊन दोन पद्धतींची तुलना करणाऱ्याने या संपाचा उल्लेखही केला नाही, तर त्याचा निष्कर्ष पोकळ ठरतो.

वर्गात येण्याचा आणखी एक अर्थ ग्रामीण विद्यार्थिनींच्या बाबतीत लक्षात घ्यावा लागतो. महाविद्यालयात जाणे हे अनेकींसाठी घराबाहेर पडण्याचे सर्वमान्य कारण असते. ग्रंथालय, मैत्रिणी, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर, स्पर्धा परीक्षेची माहिती, शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी मदत हे सारे तासिकेच्या सोबतीने मिळते. तासिका घरीच पडद्यावर आली की घरातील कामे तिच्या आधी उभी राहतात आणि 'शिक्षण चालूच आहे' या समजुतीखाली लग्नाची बोलणी सुरू करणेही सोपे होते. उलट, विवाहानंतर गाव बदललेल्या किंवा दिवसभर नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याला ध्वनिमुद्रित व्याख्यान हाच शिक्षणाचा एकमेव धागा असू शकतो. म्हणजे एकाच माध्यमाचे मूल्य विद्यार्थ्यागणिक बदलते. 'विद्यार्थ्यांसाठी कोणती पद्धत चांगली' या प्रश्नात 'कोणत्या विद्यार्थ्यांसाठी' हे दोन शब्द राहून जातात.

७. संवादाची कसोटी

माध्यमाऐवजी दुसरी कोणती कसोटी घ्यावी? प्रस्तुत लेखकाच्या मते ती संवादाची असावी. शिकविणाऱ्याला समोरच्याचे न समजणे समजते काय आणि समजल्यावर तो आपले बोलणे बदलतो काय, हे पाहावे. मायकेल मूर यांनी दूरशिक्षणाच्या संदर्भात मांडलेल्या सिद्धान्ताचा आशय हाच आहे. शिक्षक आणि विद्यार्थी यांतील अंतर भौगोलिक नसून संवादाचे असते. संवाद घटला की एकाच खोलीत बसूनही ते अंतर वाढते.

ज्यांचे नाव आपल्या अमरावती विद्यापीठाला दिलेले आहे त्या संत गाडगेबाबांच्या कीर्तनात याचा वस्तुपाठ होता. बाबा श्रोत्यांना प्रश्न विचारीत, श्रोत्यांकडून उत्तर काढून घेत आणि त्या उत्तरावर पुढचे पाऊल टाकीत. हजारोंच्या समुदायातही ते एकतर्फी बोलत नसत. सोबत ना फळा होता, ना पाठ्यपुस्तक. परंतु समुदाय कोठे अडला आहे हे त्यांना कळत असे. ही कसोटी लावली तर टिपणे सांगणारी तासिका आणि कॅमेरा बंद असलेल्या साठ नावांपुढे केलेले ऑनलाइन भाषण यांत तत्त्वतः फरक नाही.

फरक आहे तो शक्यतेत. वर्गात कपाळावरची आठी दिसते, मागच्या बाकावरची कुजबुज ऐकू येते, तासिका संपल्यावर व्हरांड्यात गाठून विचारता येते. भर वर्गात बोलण्यास संकोचणारा विद्यार्थी तेथे बोलतो. पडद्यावर हे सर्व मुद्दाम घडवावे लागते : लहान गट, नियमित लेखनकार्य, प्रत्येकाला परत दिलेला अभिप्राय, दूरध्वनीवरून चौकशी. ते अशक्य नाही, पण त्याला शिक्षकाचा अधिक वेळ लागतो. ऑनलाइन अध्यापनात मनुष्यबळ वाचते हा समज या ठिकाणी कोसळतो. बोलायला संकोचणारे काही विद्यार्थी लेखी संदेशातून अधिक मोकळेपणाने प्रश्न विचारतात, हीदेखील नोंद घेण्याजोगी बाब आहे.

८. धोरणाचा प्रश्न

ही चिकित्सा निव्वळ पद्धतिशास्त्रीय नाही. मे २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मिश्र अध्यापनाविषयीचे संकल्पना-टिपण प्रसृत केले. त्यात प्रत्येक अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंत भाग ऑनलाइन शिकविण्याची मुभा सुचविली होती. ९ जुलै २०१७ रोजी सुरू झालेल्या 'स्वयम्' या राष्ट्रीय मंचावरून एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रमांचे श्रेयांक मिळविण्याची तरतूद २०२१ च्या विनियमांत झाली. 'स्वयम्'वरील बहुसंख्य साहित्य इंग्रजीत आहे आणि मराठी माध्यमातून बी.ए., बी.कॉम. करणाऱ्या विद्यार्थ्याला ते पेलत नाही, हा अडसर तर आहेच.

त्याहून मोठा धोका वेगळा आहे. जेथे पदे भरलेली आहेत तेथे ४० टक्के ऑनलाइन भाग हा अध्यापनाला जोड ठरेल. जेथे पदे रिक्त आहेत तेथे तो रिक्त पदाचा पर्याय होण्याचा संभव आहे. म्हणजे ज्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष आधाराची गरज सर्वाधिक, त्यांच्याच वाट्याला तो सर्वांत कमी येईल. आणि याचे समर्थन करण्यासाठी '८० टक्के विद्यार्थी समाधानी' हा आकडा ग्रामीण महाविद्यालयांच्याच नियतकालिकांतून हाती दिलेला असेल.

९. तुलनेसाठी किमान पथ्ये

या पार्श्वभूमीवर, आपल्या महाविद्यालयांत फारशा खर्चाविना पाळता येतील अशी काही पथ्ये सुचवावीशी वाटतात.

(१) प्रमाण काढताना भाजक म्हणून प्रतिसादकांची संख्या न घेता प्रवेशित विद्यार्थ्यांची संख्या घ्यावी आणि प्रतिसाद न देणाऱ्यांचे प्रमाण पहिल्याच तक्त्यात नोंदवावे.

(२) प्रश्नावली छापील स्वरूपातही द्यावी. जे कोठेच आढळत नाहीत अशांपैकी निदान काही जणांशी दूरध्वनीवरून किंवा त्यांच्या गावी जाऊन बोलावे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांचे साहाय्य यासाठी घेता येईल.

(३) पसंतीसोबत आकलन मोजावे. एकाच घटकावरील एकच वर्णनात्मक प्रश्नपत्रिका दोन्ही गटांना प्रत्यक्ष वर्गात सोडवावयास द्यावी आणि उत्तरपत्रिका गट न कळता तपासाव्यात.

(४) जेथे दोन तुकड्या आहेत तेथे त्याच प्राध्यापकाने एक घटक पहिल्या तुकडीला वर्गात आणि दुसरीला ऑनलाइन शिकवावा. पुढील घटकाला अदलाबदल करावी. यामुळे कोणत्याही तुकडीवर अन्याय होत नाही.

(५) विद्यार्थ्याचे गाव, महाविद्यालयापासूनचे अंतर, फोन स्वतःचा की सामायिक, हंगामी कामाचे दिवस, पूर्वपरीक्षेतील गुण आणि लिंग यांनुसार निष्कर्ष स्वतंत्र मांडावेत. केवळ सरासरी देऊ नये.

(६) शिकविणारा नियमित आहे की तासिका तत्त्वावर आणि त्याच्याकडे एकूण किती विद्यार्थी आहेत, याची नोंद करावी.

यांतील एकही अपेक्षा मोठ्या अनुदानाची वाट पाहणारी नाही. एक सत्र आणि दोन सहकारी एवढ्यावर असा अभ्यास उभा राहू शकतो. नियतकालिकांच्या परीक्षकांनीही पहिले आणि तिसरे पथ्य पाळल्याशिवाय अशा प्रकारचे लेख स्वीकारू नयेत, अशी अपेक्षा ठेवणे अवाजवी होणार नाही.

१०. समारोप

ऑनलाइन अध्यापन आणि वर्गाध्यापन यांपैकी श्रेष्ठ कोणते, हा प्रश्न आजच्या स्वरूपात उत्तर देण्याजोगा नाही, असे वरील विवेचनावरून म्हणता येते. आतापर्यंतच्या सर्वेक्षणवजा अभ्यासांत पोहोचलेल्यांचीच गणना झाली, पसंतीला आकलन समजले गेले, आपत्कालीन सोयीला शिक्षणपद्धती म्हटले गेले आणि वर्गाची तपासणी राहून गेली. अन्यत्र झालेले काटेकोर प्रयोग दुर्बल विद्यार्थ्याला होणाऱ्या अधिक हानीकडे निर्देश करतात. वाशिमसारख्या जिल्ह्यात असा विद्यार्थी अपवाद नाही. तो वर्गाचा मोठा भाग आहे.

म्हणून मिश्र पद्धतीचे प्रमाण ४० टक्के असावे की २०, हे ठरविण्यापूर्वी २०२० ते २०२२ या काळातील आपापल्या महाविद्यालयांचे प्रवेश-नोंदवहीतील आकडे काढून, त्यांपैकी किती विद्यार्थी पुढच्या वर्षात गेले, किती मध्येच थांबले आणि ते कोणत्या गावांचे होते, एवढी यादी प्रथम करावी. ही माहिती प्रत्येक महाविद्यालयाच्या कार्यालयात आज उपलब्ध आहे आणि तिच्यासाठी कोणत्याही प्रश्नावलीची आवश्यकता नाही.